सातव्या मजल्याचं समाधान

ज्येष्ठांशी बोलताना वाक्याच्या मध्येच थांबावं. थांबणं हाच आदर.

एकशे बत्तीस.

गुडघा: डावा.

हिरवं प्लास्टिकचं स्टूल, एक पाय किंचित आखूड.

"तुमचं बरोबर आहे" हे वाक्य समोरच्याचं चुकत असतानाही म्हणता येतं. किंबहुना तेव्हाच ते कामाला येतं.

अठरा तारीख, सकाळी अकरा. चुकली तर नवी तारीख चार महिन्यांनी.

कपाट जिन्याच्या वळणावर अडकतं.

गृहनिर्माण मंडळाच्या 'क' इमारतीची लिफ्ट बंद पडली, ही बाब मंडळाने अत्यंत गांभीर्याने घेतली आणि त्याच दिवशी ती समजूत कक्षाकडे सोपवली. दुरुस्ती विभागाकडे का नाही, असं विचारणाऱ्यांना मंडळाचं कामकाज ठाऊक नाही. दुरुस्ती विभाग फक्त लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट बंद पडल्यावर जे खरोखर बिघडतं ते रहिवाशांचं मन, आणि मनाला पाना लावता येत नाही.

समजूत कक्षात, हवालदार-तहसीलदाराच्या धर्तीवर, समजूतदार असं एक पद होतं. त्या पदावर एकवीस वर्षं काढलेला गृहस्थ मंडळात फार मानला जाई. माणूस पाहून आवाज बदलण्याची कला त्याने शास्त्राच्या पायरीला नेली होती, आणि कक्षाची नऊ स्वरांची 'स्वरपुस्तिका' त्यानेच लिहिली होती. घरी मात्र त्याला धाकटा म्हणत. त्याची थोरली बहीण, अक्का, 'क' इमारतीतच सातव्या मजल्यावर राहत होती आणि तिचा डावा गुडघा डॉक्टरांनी जिन्यासाठी कायमचा बाद ठरवला होता. तीन महिन्यांनी, अठरा तारखेला, अक्काच्या मुलीचं लग्न होतं, मागच्या रस्त्यावरच्या विवाह नोंदणी कार्यालयात. तोवर लिफ्ट सुरू होईल असं सगळ्यांनाच वाटत होतं. समजूतदारालाही वाटत होतं. एवढा अनुभव असूनही स्वतःची समजूत तो अगदी सहज घालू शके.

तो कामाला लागला.

पाचव्या मजल्यावर निवृत्त मास्तर राहत. त्यांना स्वर एक.

"मास्तर," समजूतदार म्हणाला आणि थांबला. "एक विचारायचं होतं." पुन्हा थांबला. "तुमच्या पिढीनं... लिफ्ट नसताना जे उभं केलं... ते आम्हाला लिफ्ट असून का जमलं नाही?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. निवृत्त झाल्यापासून कोणी इतकं थांबून थांबून त्यांना काही विचारलं नव्हतं.

"शिस्त," मास्तर म्हणाले. "लिहून घे."

समजूतदाराने लिहून घेतलं. मास्तर आठवड्यातून एकदाच खाली उतरू लागले आणि ही आपली शिस्त आहे असं सांगू लागले.

सहाव्या मजल्यावरच्या पोराला सगळे पैलवान म्हणत, कारण तो नुकताच आरशासमोर दंड मोजायला लागला होता. त्याला स्वर दोन: खांद्यावर हात, आवाज चढा, क्रियापदं शक्यतो टाळावीत.

"भाऊ! सहा मजले! दिवसातून चार वेळा! मांड्या?"

"दगड," पैलवान म्हणाला.

"आणि लिफ्टनं?"

"लोणी."

"मग?"

पैलवान तिथल्या तिथे दोन-दोन पायऱ्या टाकत गच्चीपर्यंत जाऊन आला.

चौथ्या मजल्यावरचे विमेवाले शंकेखोर. त्यांना स्वर चार, म्हणजे आकडे, तेही दशांश चिन्हासह. लिफ्ट बंद झाल्यापासून या इमारतीतले लिफ्टचे अपघात शंभर पूर्णांक शून्य शून्य टक्क्यांनी घटले आहेत, असं समजूतदाराने सांगितलं. विमेवाल्यांनी कागद मागवून घेतला, दोनदा तपासला आणि आकडा बिनचूक असल्याची सही केली.

सातव्या मजल्यावर, अक्काच्या शेजारी, जुळ्यांची आई. स्वर तीन, हळू आणि काळजीचा. "ताई, तुमची मुलं कितीपर्यंत मोजतात?" "वीसपर्यंत." "महिन्याभरात एकशे बत्तीसपर्यंत मोजतील. पायऱ्या तेवढ्याच आहेत." महिन्याभरात ती खरंच मोजू लागली.

तिसऱ्या मजल्यावरचा तापट ड्रायव्हर दार उघडल्या उघडल्या अंगावर आला. स्वर पाच असा आहे की रागावलेल्यापेक्षा आपण जास्त रागवावं.

"नालायक आहेत मंडळातले लोक!" समजूतदार जिना दणाणेल असा ओरडला. "मी तुमच्या जागी असतो तर त्या लिफ्टचं दार लाथेनं फोडलं असतं! चला, आत्ताच फोडू!"

"जाऊ द्या हो," ड्रायव्हर घाबरून म्हणाला. "पाणी पिता का? बसा आधी."

राहिली अक्का. स्वतःच्या नातेवाइकाची समजूत घालायला कर्मचाऱ्याला मनाई आहे, कारण त्यात जिव्हाळा येण्याचा धोका असतो. म्हणून अक्काकडे कक्षातला सहायक गेला. त्याला कोणत्या स्वरात बोलायचं ते पाठ होतं, पण चौथ्या मजल्यापर्यंत त्याचा स्वरच उरला नाही. तो तिथल्या कठड्याला टेकला, फॉर्म काढला, 'समाधान झाले' पुढे 'होय' लिहिलं आणि उतरला.

तीन महिन्यांत 'क' इमारतीच्या तक्रार नोंदवहीत एकही तक्रार आली नाही. वही तळमजल्यावर होती, पेन दोरीने बांधलेलं होतं, पान कोरं होतं. त्याच काळात 'ब' इमारतीत, जिथे लिफ्ट व्यवस्थित चालत होती, चाळीस तक्रारी आल्या: हळू चालते, पंखा आवाज करतो, आरसा फार वर आहे. मंडळाने दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. चालू लिफ्ट: तक्रारी चाळीस. बंद लिफ्ट: तक्रारी शून्य. कोणती सेवा चांगली, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती, तरीही तज्ज्ञ बोलावला गेला आणि त्यानेही तेच सांगितलं. 'ब' इमारतीचीही लिफ्ट बंद करण्यात आली. 'अ'च्या रहिवाशांनी, आमच्यावरच अन्याय का, म्हणून आपणहून मागणी केली.

समजूतदाराचा सत्कार झाला. त्याला एक स्टूल भेट मिळालं, हिरवं. ते तो अक्काकडे देऊन आला, कारण एकशे बत्तीस पायऱ्या चढल्यावर तिथे बसायला काहीतरी हवंच होतं.

"आलास का?" अक्का म्हणाली. "लग्नाला नऊ दिवस राहिले. लिफ्ट कधी सुरू होणार, ते सांग."

"अक्का," तो म्हणाला आणि थांबला. "एक विचारायचं..."

"असा अडकत अडकत काय बोलतोस? दम लागलाय का? पाणी घे."

"तुला खुर्चीत बसवून नेऊ. चार माणसं आणतो."

"मी काय कपाट आहे? आणि कपाटसुद्धा त्या वळणावर अडकलं होतं. अर्धा दिवस चौथ्या मजल्यावर उभं होतं, लोक अंग चोरून जात होते. मी नाही तशी अडकणार. मला माझ्या पायांनी, माझ्या मुलीच्या शेजारी जाऊन उभं राहायचंय. एवढंच हवंय, दुसरं काही मागितलंय का मी?"

भाची स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मामा, आई नसेल तर मी सही करणार नाही. सांगून ठेवते. तारीख गेली तर गेली."

समजूतदार कक्षप्रमुख बाईंकडे गेला.

"लिफ्ट दुरुस्त करायला काय लागेल?" त्याने विचारलं. एकवीस वर्षांत हा प्रश्न कक्षात पहिल्यांदाच विचारला जात होता, त्यामुळे बाईंना नियम शोधायला वेळ लागला.

"मागणी लागेल. तीन लेखी तक्रारी, तीन वेगवेगळ्या मजल्यांवरून. तक्रारदारानं स्वतः खाली येऊन वहीत लिहायला हवं."

"माझ्या बहिणीला खाली येता येत नाही. तीच तर तक्रार आहे."

"शिवाय ती तुझी नातेवाईक. तिची धरता येणार नाही." बाईंनी आवाज मऊ केला. "हे बघ, तुझ्यासारखा माणूस या कक्षाला लाभला, हे आम्ही रोज..."

"बाई, हा स्वर सहा आहे. 'आपलेच कर्मचारी'. मीच लिहिलाय."

"म्हणून तर वापरतेय," बाई म्हणाल्या. "फार छान लिहिलायस."

तीन तक्रारी. समजूतदाराला त्यात अवघड काही वाटलं नाही. ज्या तोंडाने माणसं शांत केली त्याच तोंडाने ती पेटवायची. तो पुन्हा पाचव्या मजल्यावर गेला.

"मास्तर," तो म्हणाला. थांबला. "अन्यायाविरुद्ध... तुमची पिढी..."

मास्तरांनी हात वर केला आणि तेही थांबले. त्याच्यापेक्षा जास्त थांबले.

"तक्रार..." मास्तर म्हणाले, "करणारी पिढी... आमची नव्हे."

"पण तुमचे गुडघे?"

"लिहून घे," मास्तर म्हणाले. "शिस्त."

पैलवानाने दार उघडताच पँट गुडघ्यावर ओढून मांडी दाखवली. "बघ! दगड! तुझ्यामुळं! आणि तक्रार? निगेटिव्ह!" खांद्यावर असा हात पडला की समजूतदार दोन पायऱ्या खाली आला. विमेवाल्यांनी कागद काढून दाखवला: लिफ्टचे अपघात सध्या शून्य आहेत; लिफ्ट सुरू होऊन एक जरी अपघात झाला तरी वाढ किती टक्के हे गणितात मांडताच येत नाही, आणि जे मांडता येत नाही ते धोकादायक. जुळ्यांची आई काळजीने, हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, लिफ्ट सुरू झाली तर पोरं सातपर्यंतच मोजतील हो."

ड्रायव्हरवर त्याची मदार होती. तो तापट होता. समजूतदार जिन्यातूनच ओरडत गेला, "नालायक आहेत मंडळातले लोक!"

"हो ना!" ड्रायव्हर त्याहून मोठ्याने ओरडला. "हलकट! तुम्हीच त्यांना जाऊन मारा, मी तुमचे कपडे धरतो!"

समजूतदार तिथेच पायरीवर बसला. समोरचा आपल्यापेक्षा जास्त चिडला की माणूस कसा विरघळतो, हे त्याने पुस्तिकेत चांगलं दोन परिच्छेद भरून लिहिलं होतं. अनुभव आज पहिल्यांदा आला.

लग्नाला तीन दिवस राहिले असताना त्याने असं काही केलं जे पुस्तिकेत नव्हतं. तो तळमजल्यावर, बंद लिफ्टच्या दाराला पाठ लावून उभा राहिला आणि जिन्याच्या पोकळीत तोंड वर करून, कोणाकडेही न पाहता, म्हणाला:

"लिफ्ट बंद आहे. वरच्या मोटारीतला एक भाग जळलाय. तो बदलायला अर्धा दिवस लागतो. मी तुम्हाला सगळ्यांना फसवलं. माझी बहीण सातव्या मजल्यावर अडकलीय आणि तिच्या मुलीचं लग्न आहे. तीन जणांनी खाली येऊन वहीत लिहा. पेन इथं आहे."

दारं उघडली. कठड्यांवर माणसं जमली. मग पाचव्या मजल्यावरून एकट्या मास्तरांच्या टाळ्या सुरू झाल्या, आणि पाठोपाठ सगळ्या जिन्याच्या.

"काय साधेपणा!" मास्तर म्हणाले.

"अंगावर काटा! हे बघ, काटा!" पैलवान म्हणाला.

"याआधीच्या सगळ्यांपेक्षा हा चांगला," जुळ्यांची आई शेजारणीला म्हणाली. "यात खरंच वाटतं."

दाद देऊन लोक घरात गेले. दुसऱ्या दिवशी कक्षप्रमुख बाईंचं परिपत्रक निघालं. 'क' इमारतीत यशस्वी ठरलेला स्वर दहा, 'प्रामाणिक', यापुढे सर्व समजूतदारांनी आठवड्यातून एकदा वापरावा. जास्त वापरल्यास परिणाम कमी होतो.

सोळा तारखेला बाईंनी त्याला बोलावलं. सहायकाचा फॉर्म चौथ्या मजल्यावर भरला गेला होता हे उघडकीला आलं होतं. म्हणजे इमारतीत एक व्यक्ती असमाधानी होती आणि मंडळाचा शंभर टक्क्यांचा आकडा खोटा ठरत होता.

"नातेवाइकाची परवानगी देतेय. अपवाद म्हणून," बाई म्हणाल्या. "जा, घाल समजूत."

भाचीचंही तेच. ती त्याला फाटकाशीच भेटली. डोळे सुजलेले होते. "मामा, तुम्ही काहीतरी बोला. तिला उतरवा नाहीतर तिला पटवा. मला ती रडवेली होऊन वर बसलीय आणि मी खाली सही करतेय, असं नाही चालणार."

सतरा तारखेच्या दुपारी तो वर गेला. हिरव्या स्टुलावर बसला. स्टूल डुगडुगलं.

"अक्का," तो म्हणाला आणि थांबला. "तुमच्या पिढीनं..."

"दोनच वर्षांनी मोठी आहे तुझ्यापेक्षा."

त्याने खांद्यावर हात ठेवला. "अक्का! घर! खिडकी! वारा!"

"ताप आलाय का तुला?"

त्याने सांगितलं की अशा समारंभांत साठ पूर्णांक चार टक्के वेळ नुसता वाट पाहण्यात जातो. अक्का शेंगा सोलत राहिली. शेवटी तो ओरडला, "नालायक आहेत मंडळातले लोक!"

"त्यातला एक माझा भाऊ आहे. जपून बोल."

स्वर संपले. दहावा शिल्लक होता, पण तो तोंडात येताच त्याला जिन्यातल्या टाळ्या ऐकू आल्या. तो मान खाली घालून बसला. अक्काने शेंगांचं ताट बाजूला ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"धाकट्या," ती म्हणाली. थांबली. "एक विचारू?"

"विचार."

"त्या ऑफिसात... खुर्च्या किती असतील रे?"

"असतील पाच-सहा."

"आणि तिकडची माणसं?"

"सात-आठ तरी येतील."

"म्हणजे..." अक्का म्हणाली, "मला उभंच राहावं लागेल. या गुडघ्यावर. तुला काय वाटतं? तुला यातलं कळतं."

त्याला कळत होतं. तो सावरून बसला. उभं राहणं तिला झेपणारच नाही, हे त्याने तिला समजावून सांगितलं. अक्का मान डोलवत होती. वर खिडकी आहे, शांतता आहे, लग्न झाल्यावर दोघं इथंच पाया पडायला येतील, म्हणजे खरं लग्न तर इथंच होणार, असं तो म्हणाला तेव्हा ती म्हणाली, "हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं." तिने मुलीला हाक मारून तेच सांगितलं, हसून, मामाच्याच शब्दांत. भाचीही हसली.

"बरं झालं तू आलास," अक्का म्हणाली. "मी एकटी उगाच जिवाला लावून घेत होते. जा आता, दमला असशील."

समजूतदार हलका होऊन उतरला. एकवीस वर्षांतलं सगळ्यांत अवघड काम झालं होतं. उतरता उतरताच त्याने फॉर्म भरला. समाधान झाले: होय. तिसऱ्या मजल्यावर आला आणि त्याचा पाय थांबला. अक्का मध्ये मध्ये थांबत होती. तिने सल्ला विचारला होता. उत्तर त्याच्याच तोंडून काढलं होतं आणि मग ते तिला नवं असल्यासारखं ऐकलं होतं. पुस्तिकेतलं पहिलंच पान.

त्याने फॉर्म पाहिला. समाधान कोणाचे, असा रकाना त्यात नव्हता.

वर बहात्तर पायऱ्या होत्या, खाली साठ. तो खाली गेला.

लग्न अकरा वाजून सहा मिनिटांनी लागलं. खुर्च्या पंधरा होत्या, सहा रिकाम्या राहिल्या. सही करण्याआधी भाचीने पेन हातात धरून विचारलं, "मामा, आई खरंच ठीक आहे ना?" आणि मामाने उत्तर दिलं. कोणत्या स्वरात, ते त्याला नंतर आठवलं नाही. सातव्या मजल्याच्या खिडकीतून नोंदणी कार्यालय दिसत नाही. मध्ये 'ब' इमारत येते.

पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत एक वर्ग वाढवला आहे: वाचणारी माणसं. यांच्यापुढे आदर, आकडे, आरडाओरडा काही चालत नाही, कारण यांना सगळे स्वर ओळखू येतात आणि त्याचा त्यांना अभिमान असतो. यांना हसवावं. मास्तरांवर हसू द्यावं, पैलवानावर हसू द्यावं, मंडळावर तर पोटभर हसू द्यावं. हसलं की तक्रार केल्यासारखं वाटतं, आणि तक्रार केल्यासारखं वाटलेला माणूस खाली येऊन वहीत लिहीत नाही. आतापर्यंत या वर्गाचा निकाल शंभर टक्के आहे. आपणही इथवर आलात, आपल्या सहकार्याबद्दल कक्ष आभारी आहे.

घर घेताना अक्काला दुसऱ्या मजल्यावरचंही मिळत होतं. सातवा घे, लिफ्ट आहे, हे तिला धाकट्याने पटवलं होतं.